वेबव्ह्यूत झूम बंद करायला सांगणारा तो मेसेज पुढे ढकलू नका

‘ॲप नेटिव्ह वाटायला हवं तर वेबव्ह्यूमध्ये झूम बंद करा, टेक्स्टझूम 100 वर लॉक करा. लेआउट फुटत नाही, टॅप लगेच लागतो आणि झूम तसंही कोणी वापरत नाही.’ (वेबव्ह्यू म्हणजे ॲपच्या आत वेब पान दाखवणारी चौकट, टेक्स्टझूम म्हणजे त्यातल्या अक्षरांच्या आकाराची टक्केवारी आणि नेटिव्ह म्हणजे वेब पान न वापरता थेट फोनसाठी बनवलेलं.) ॲप बनवणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज पहिल्याच नोकरीत असलेल्या माझ्या भाचीने मला पाठवला. ‘मामा, हे करायचंच असतं ना?’ नाही, करायचं नसतं. तिचं ॲप पेन्शनधारकांसाठी आहे, म्हणून जास्तच संताप आला.

सगळ्यात घातक आहे तो 100 चा आकडा. 100 म्हणजे ‘काहीच बदललं नाही’ असं लोक धरून चालतात. साफ चूक. अँड्रॉइडचा वेबव्ह्यू फोनच्या सेटिंगमधला अक्षरांचा आकार स्वतःहून उचलतो. एखाद्या आजोबांनी तो 1.3 पट केला असेल, तर टेक्स्टझूम आपोआप 130 होतो. तुम्ही कोडमध्ये सेटटेक्स्टझूम(100) लिहिलंत की आजोबांनी केलेली सोय पुसली गेली. आणि याला नेटिव्ह म्हणायचं? नेटिव्ह स्क्रीनवरची ‘एसपी’त (अँड्रॉइडच्या अक्षरांच्या मापात) मोजलेली अक्षरं त्या सेटिंगप्रमाणे वाढतातच. म्हणजे मेनू मोठ्या अक्षरात आणि त्यातून उघडलेलं नियमांचं पान मुंगीएवढ्या! आत वेब पान बसवलंय हे लपवायचं होतं ना? उलट तेच उघडं पडतं.

वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांमध्ये 1.4.4 हा निकष 2008 पासून आहे: मजकूर 200 टक्क्यांपर्यंत मोठा करता आला पाहिजे आणि तसं करताना मजकूर किंवा एखादी सुविधा हरवता कामा नये. ग्रुपवरचा मेसेज याच्यापेक्षा मोठा कधी झाला?

‘झूम कोणी वापरत नाही’ म्हणे. वापरणार कसं? अँड्रॉइड वेबव्ह्यूत बिल्ट-इन झूम कंट्रोल्स मुळातच बंद असतात. ते चालू केल्याशिवाय दोन बोटांनी पान मोठं होतच नाही. आयफोनवर आयओएस 10 पासून सफारी पानाने घातलेली झूमबंदी जुमानत नाही, पण ॲपमधला डब्ल्यूकेवेबव्ह्यू (आयफोनचा वेबव्ह्यू), वेगळं सांगितलं नाही तर, ती इमानेइतबारे पाळतो.

टॅपच्या मुद्द्यात एकेकाळी तथ्य होतं, मान्य. लागोपाठ दोन टॅप म्हणजे झूम, म्हणून दुसरा टॅप येतोय का हे पाहायला ब्राउझर सुमारे 300 मिलिसेकंद थांबायचे. पण पानाची रुंदी डिव्हाइस-विड्थ, म्हणजे फोनच्या स्क्रीनएवढी, असेल तर क्रोमने ते थांबणं 2014 मध्येच सोडलं, पुढे सफारीनेही.

लेआउट फुटतो हेही खरं. तो फुटतो कारण बटणांना आणि चौकटींना पिक्सेलमध्ये पक्की उंची ठोकलेली असते. मराठीत तर आधी वरची वेलांटी, रफार आणि खालचा उकारच छाटला जातो. उंची मोकळी सोडा, ओळींमधलं अंतर अक्षरांच्या पटीत द्या. आणि आयफोनवर मजकूर भरायच्या रकान्यात बोट ठेवताच पान मोठं होतं म्हणून मॅक्सिमम-स्केल=1 (म्हणजे झूमबंदीच) टाकत असाल, तर रकान्यातली अक्षरं 16 पिक्सेलची करा. तेवढ्याने ते थांबतं.