अमुक बिन तमुक

आमच्या घराण्याचा मूळ पुरुष घोड्यावरून आला होता, असे आमचे थोरले चुलते, म्हणजे आबा, गेली चाळीस वर्षे सांगत आले आहेत. तो कुठून आला, कशासाठी आला आणि घोड्याचे पुढे काय झाले, असे प्रश्न विचारणाऱ्याला पंगतीत दुसऱ्यांदा वाढले जात नाही. तो घोडा एकदाचा कागदावर आणावा म्हणून मी वंशावळ शोधायला निघालो आणि पहिल्याच उत्साहात जनगणनेच्या दारात जाऊन उभा राहिलो. इंग्रज सरकारने 17 फेब्रुवारी 1881 च्या रात्री जवळजवळ सबंध देशाची शिरगणती केली, त्या अर्थी आमचे खापरपणजोबाही त्या रात्री कुठेतरी मोजले गेले असणार, असा माझा सरळ हिशोब होता.

विलायतेत जुन्या शिरगणतीच्या वह्या शंभर वर्षांनी लोकांना खुल्या होतात आणि तिथल्या शेतकऱ्याचा पणतू आपल्या पूर्वजांची नावे, वये आणि पदरचे गडीसुद्धा घरबसल्या वाचतो. आपल्याकडे 1948 च्या जनगणना कायद्याच्या 15 व्या कलमाने ते कागद पाहण्याची सोयच ठेवलेली नाही, आणि जुन्या गणत्यांचे जे छापील खंड वाचायला मिळतात त्यांत माणसे नसून आकडे आहेत. 1911 ते 1921 या दहा वर्षांत इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, हे त्यांतून समजते. त्या घटीत आमच्या घरचे किती, हे समजत नाही.

तेव्हा मी गावच्या दप्तराकडे वळलो. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्ममृत्यूंच्या नोंदी असतात आणि त्या जुन्या असतील तर मोडीत असतात. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग त्या रेघेला अक्षरे अशी लटकवत जातो की एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे त्याचे त्यालाच ठाऊक. ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध तर तो मुळीच बाळगत नाही. सहा आठवड्यांच्या मोडी वर्गाच्या बळावर मी पाच पिढ्यांची वंशावळ काढली. तिच्यात प्रत्येक बापलेकाच्या मध्ये ‘बिन’ नावाचा एक गृहस्थ येत होता. हा दीर्घायुषी पूर्वज कोण, म्हणून मी त्याच्यासाठी वेगळी चौकट आखली आणि आबांनी तर तोच घोडेस्वार असल्याचे जाहीर करून टाकले. पुढे मोडी वाचणाऱ्या एका जाणकारांनी चष्मा कपाळावर सरकवून सांगितले, “अहो, बिन म्हणजे मुलगा. अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक.” ‘मौजे मजकूर’ नावाचे गाव मी आठवडाभर तालुक्याच्या नकाशात शोधत होतो, हे मग मी त्यांना सांगितले नाही. (मौजे मजकूर म्हणजे वर सांगितलेलेच गाव. म्हणजे आमचेच.)

आबांच्या म्हणण्यानुसार खापरपणजोबा एकशेदहा वर्षे जगले होते. कोतवाल बुकात त्यांचे मृत्यूसमयीचे वय साठ होते. त्यांच्या भावाचेही साठ होते आणि भावकीतल्या आणखी चौघांचेही साठच होते. कोतवालाने वय विचारावे आणि कुणीतरी “असेल की साठेक” म्हणावे, एवढ्यावर आमच्या घराण्याचे आयुर्मान ठरलेले दिसते. एकट्या पणजोबांच्या नावापुढे तीस होते. तारीख ऑक्टोबर 1918 मधली आणि मृत्यूचे कारण एका शब्दात: ताप.

त्यानंतरच्या वारसाच्या फेरफारात आजोबांचे नाव सापडले, तेव्हा मी ती नक्कल मोठ्या अभिमानाने आबांपुढे ठेवली. नावाआधी ‘अज्ञान’ असे स्वच्छ बाळबोध अक्षरांत लिहिलेले होते.

“माझ्या वडिलांना अज्ञान म्हणणारा हा तलाठी कोण?” आबा कडाडले. अज्ञान म्हणजे वयाने लहान, हे त्यांना पटवण्यात एक दुपार गेली. त्याच ओळीत पुढे ‘अ. पा. क. आई’ असे होते, म्हणजे अज्ञानाचे पालन करणारी आई. इतके दिवस जी पणजी मला फक्त ‘अमक्याची बायको’ म्हणून भेटत होती, ती इथे पहिल्यांदा स्वतःच्या नावाने उभी होती.

मग आबांनी आपणहून माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. तीत रुमालात बांधलेला एक कर्जरोखा निघाला. पणजीने जमिनीचा एक तुकडा गहाण ठेवून एक बैल घेतला होता. आमच्या घराण्यातल्या पुरुषांनी बाकीच्या कागदांवर सहीच्या जागी नांगराची निशाणी केलेली होती. या कागदाच्या तळाशी बोरूने काढलेले एक छोटे, जरा वेडेवाकडे वर्तुळ होते आणि शेजारी लिहिले होते, ‘निशाणी बांगडी’.

आबा त्या वर्तुळावरून बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग चष्मा पुसून म्हणाले, “घोडा त्याच्या आधीच विकला असणार.”