नॅनोयंत्रं पृथ्वी खाणार नाहीत, पण त्या मेसेजमुळे लस चुकते आहे

ऐरोली-घणसोलीपासून ठाण्याच्या घोडबंदर रोडपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. ज्यांना तो आलेला नाही त्यांच्यासाठी त्याचं सार असं: शास्त्रज्ञांनी स्वतःच्या प्रती काढणारी अतिसूक्ष्म यंत्रं, म्हणजे नॅनोबॉट, बनवली आहेत. त्यातलं एक जरी सुटलं तरी झाडं, जनावरं, माणसं खाऊन ते आपल्यासारखी आणखी यंत्रं बनवत जाईल आणि दोन दिवसांत पृथ्वीचा राखाडी चिखल होईल. या तंत्रज्ञानाच्या जनकाने आणि ब्रिटनच्या राजाने हे कबूल केलं आहे. लसींतून आणि नॅनो युरिया या बाटलीतल्या खतातून ती आपल्यात शिरलीच आहेत, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या ती बनवतात आणि सरकार गप्प आहे. तेव्हा नॅनो लिहिलेलं काही घेऊ नका, मुलांना लस टोचू नका, आणि हा मेसेज पुढे पाठवा.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. वर्गात मुलं हा मेसेज दाखवून विचारतात, आणि ती मनापासून घाबरलेली असतात. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देते.

"दोन दिवसांत पृथ्वी संपेल."

हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकन अभियंता एरिक ड्रेक्सलर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हे गणित मांडलं होतं. समजा, एक यंत्र १००० सेकंदांत आपली एक प्रत काढतं. मग दोनाची चार, चाराची आठ असं करत दहा तासांत ६८ अब्ज यंत्रं होतील, एका दिवसाच्या आत त्यांचं वजन एक टन भरेल आणि दोन दिवसांच्या आत ती पृथ्वीपेक्षा जड होतील. गणित बरोबर आहे, हवं तर कॅल्क्युलेटर घेऊन बघा. पण ड्रेक्सलर यांनी त्याच वाक्याला एक अट जोडली होती: बाटलीतली रसायनं त्याच्या फार आधीच संपली नाहीत तर. मेसेज लिहिणाऱ्याने वाक्य घेतलं आणि अट कापली.

त्या अटीतच सगळं उत्तर आहे. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू सगळं मनासारखं मिळालं तर दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. हेच गणित त्याला लावलं तर तोही दोन दिवसांत पृथ्वीहून जड व्हायला हवा. पृथ्वीवर जीवाणू साडेतीन अब्ज वर्षांपासून आहेत आणि पृथ्वी शाबूत आहे. कारण अन्न संपतं, जागा संपते, स्वतःचीच घाण साचते, दुसरे जीव त्यांना खातात.

वाढ डोळ्यांनी बघायची असेल तर उल्हास नदीवर जा. जलपर्णी आडव्या धावणाऱ्या फुटव्यांतून आपलीच नवी रोपं काढत जाते आणि अनुकूल काळात एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. जाड, फुगीर देठांचा हिरवा थर पात्रभर पसरतो, खालचं पाणी दिसत नाही, आणि ती काढायला माणसं लावली तरी एका कडेने काढेपर्यंत दुसऱ्या कडेला पुन्हा भरते. ही खरोखर स्वतःच्या प्रती काढणारी गोष्ट आहे आणि तिने नदीचं खरंच नुकसान केलं आहे. पण तिला एवढा जोर कशाने येतो? शहरांच्या सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र आणि स्फुरदाने. तो पुरवठा जिथे कमी, तिथे जलपर्णीचा जोरही कमी. कुठलीही दुपटीची वाढ तिच्या खुराकाइतकीच चालते. जे यंत्र दगड, समुद्र आणि माणूस सारख्याच सहजतेने खाईल त्याला या प्रत्येकाचे रासायनिक बंध तोडायला वेगळी अवजारं आणि भरपूर ऊर्जा लागेल. ती ऊर्जा कुठून येणार, याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही.

उष्णतेचा हिशेबही झालेला आहे. रॉबर्ट फ्रायटस या संशोधकाने २००० साली अशी यंत्रं आहेत असं गृहीत धरून हिशेब मांडला. पदार्थाची इतकी उलथापालथ करताना प्रचंड उष्णता बाहेर पडते, ती लपून राहत नाही. पृथ्वीचं तापमान साधारण ४ अंशांनी वाढेल इतक्या धीम्या गतीने यंत्रं चालली तर काम पूर्ण व्हायला सुमारे २० महिने लागतील, आणि त्याहून वेगाने चालली तर इतकी तापतील की आधीच सापडतील. म्हणजे ही भीती गांभीर्याने घेणाऱ्या माणसाच्या हिशेबातही दोन दिवस बसत नाहीत.

"अशी यंत्रं बनली आहेत."

नाहीत. या दाव्याला पुरावा म्हणून मेसेजमध्ये तीन गोष्टी कोंबल्या आहेत.

पहिली, अणू उचलून ठेवण्याची. १९८९ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत डॉन आयग्लर यांनी झेनॉनचे ३५ अणू एकेक सरकवून कंपनीचं नाव लिहिलं. हे खरं आहे आणि अजूनही अंगावर शहारा आणणारं आहे. पण ते निर्वात पेटीत, उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, खोलीभर यंत्रसामग्री लावून केलेलं काम होतं, आणि झेनॉन हा कुणाशी सहसा न जुळणारा वायू. आपल्या ओल्या, उबदार जगात अणू इतके गुमान बसत नाहीत. रसायनशास्त्राचे नोबेल विजेते रिचर्ड स्मॉली यांनी २००१ साली नेमकी हीच हरकत घेतली होती: एक अणू जागेवर बसवताना त्याच्या आजूबाजूचे सगळे अणूही धरून ठेवावे लागतात, तेवढी बोटं त्या जागेत मावत नाहीत, आणि बोटाला चिकटलेला अणू सुटतही नाही. ड्रेक्सलर यांना ही हरकत मान्य नव्हती, दोघांचा वाद २००३ पर्यंत चालला. माझ्या मते स्मॉली यांची मांडणी थोडी टोकाची होती, कारण आपल्या पेशीतली विकरं, म्हणजे एन्झाइम, रेणू जोडतातच. पण ती पाण्यात, विशिष्ट कच्च्या मालावर, विशिष्ट तापमानाला जोडतात. वाट्टेल ते खाणारं विकर नसतं.

दुसरी, २०१६ चं रसायनशास्त्राचं नोबेल. ते रेणूंपासून बनवलेल्या यंत्रांना मिळालं हे बरोबर. ती फिरतात, सरकतात. प्रत काढत नाहीत.

तिसरी, बेडकाच्या पेशींची. २०२१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणाच्या पेशींचे गोळे बशीत सोडले. पोहता पोहता ते सुट्या पेशी ढकलून एकत्र आणत आणि त्या ढिगातून नवा पोहणारा गोळा तयार होई. बातम्यांत "स्वतःची प्रत काढणारा रोबो" असा मथळा झळकला. त्या पेशी संशोधकांनीच बशीत घातलेल्या होत्या. त्या नसतील तर प्रत नाही, आणि असूनही काही पिढ्यांत प्रकार थांबतो. शिवाय ते गोळे जेमतेम मिलिमीटरच्या आतले असले, तरी नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, त्या मानाने ते डोंगराएवढे आहेत.

प्रत काढणं किती अवघड आहे याचा अंदाज हवा असेल तर हे बघा. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९४० च्या दशकातच दाखवलं होतं की प्रत काढणाऱ्या यंत्राला बांधणारा भाग लागतो, बांधणीच्या सूचना लागतात, त्या सूचनांची नक्कल करणारा भाग लागतो आणि या सगळ्यांवर ताबा ठेवणारा भाग लागतो. २०१६ साली अमेरिकन जीवशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने कमीत कमी जनुकांवर जगणारा जीवाणू तयार केला. छाटून छाटून ४७३ जनुकं उरली, त्यातली १४९ नेमकं काय करतात हे तेव्हा कळलेलं नव्हतं, आणि इतकं करून तो जगतो ते प्रयोगशाळेत कालवलेल्या सकस द्रवात. हा निसर्गाचीच सामग्री उसनी घेऊन बनवलेला जीव. शून्यातून पोलादी नॅनोबॉट बनवणं त्याच्या कितीतरी पुढची गोष्ट आहे.

"जनकाने आणि राजाने कबूल केलंय."

ड्रेक्सलर यांनी इशारा दिला होता, कबुली नव्हे. २००४ साली ख्रिस फिनिक्स यांच्याबरोबर लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनीच म्हटलं की सूक्ष्म पातळीवर उत्पादन करायला मोकळं फिरणारं, प्रत काढणारं यंत्र बनवायची गरजच नाही, टेबलावर पक्की बसवलेली यंत्रणा जास्त सोयीची आणि सुरक्षित. राखाडी चिखलाचा उल्लेख केला नसता तर बरं झालं असतं, असंही ते पुढे म्हणाले.

तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी २००३ साली चिंता बोलून दाखवली, ही बातमी खरी. त्यानंतर जुलै २००४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने आणि रॉयल ॲकॅडमी ऑफ इंजिनीअरिंगने मिळून अहवाल दिला. त्यात भर होता तो मोकळ्या नॅनोकणांवर: त्यांचे परिणाम नीट कळेपर्यंत कारखान्यांनी आणि प्रयोगशाळांनी ते घातक समजूनच हाताळावेत. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनी तो अहवाल वाचला असता तर काळजी करण्यासारखं त्यांना तिथे खरंच काही सापडलं असतं.

"लसीतून आणि युरियातून शिरलीत."

या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त राग येतो, कारण याचं नुकसान मी पाहिलं आहे. आमच्याच इमारतीतल्या एका ताईंच्या मुलीला शाळेतून टीडी लसीचं संमतीपत्र आलं. मुलगी दहा वर्षांची. कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला, खालच्या रेघेवर नाव लिहिलेलं आणि सही नाही. मी विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "अहो, नॅनोचं काहीतरी असतं ना त्यात? ग्रुपवर आलंय. पोरीच्या बाबतीत जोखीम कशाला?"

टीडी लस धनुर्वात आणि घटसर्पावरची. तिच्यात दोन्ही जीवाणूंच्या विषाचा निष्प्रभ केलेला अंश असतो. जिवंत काही नसतं, प्रत काढणारं काही नसतं, यंत्र तर नाहीच. आणि धनुर्वाताचा जीवाणू? तो मातीत असतो, खोल जखमेत शिरला की खरोखर वाढतो, आणि त्याचं विष माणूस मारतं. स्वतःच्या प्रती काढणाऱ्या सूक्ष्म गोष्टीची भीती वाटते म्हणून, तशाच एका खऱ्याखुऱ्या गोष्टीपासून वाचवणारी लस नाकारली जात होती. ताईंना दोष देत नाही. लेकीची काळजी होती म्हणूनच त्या थांबल्या. ज्याने हा मजकूर रचला त्याने त्या काळजीचाच गैरफायदा घेतला.

कोविडच्या काही लसींत नॅनोकण होते, हे खरं. एमआरएनए लसींत साधारण १०० नॅनोमीटर आकाराचे स्निग्ध पदार्थाचे कण असतात, आतल्या नाजूक रेणूचं वेष्टन म्हणून. ते शरीरात विरघळून जातात. आणि आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या त्या प्रकारच्या लसी नव्हेतच. कोविशील्डमधला वाहक विषाणू स्वतःच्या प्रती काढू शकणार नाही असाच बदललेला आहे, कोव्हॅक्सिनमधला मारलेला आहे.

नॅनो युरियात युरियाच असतो, बारीक कणांच्या रूपात. त्याबद्दल विचारायचा प्रश्न वेगळा आहे. २०२१ साली तो बाजारात आला तेव्हा अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र होतं, म्हणजे जेमतेम २० ग्रॅम. साध्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते २० किलोहून जास्त असतं. ही बाटली त्या गोणीची जागा कशी घेणार, यावर कृषिशास्त्रज्ञांत खरा वाद आहे. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला त्या वादाचं उत्तर मिळायला हवं.

"आपल्या पट्ट्यातल्या कंपन्या ती बनवतात."

प्रत काढणारी यंत्रं कुणीच बनवत नाही, तेव्हा महापे-रबाळेतही नाही. पण या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने कारखान्यांकडे संशयाने पाहावं, यात मला काही वावगं दिसत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात भटकी कुत्री निळी झालेली सगळ्यांनी पाहिली. रंगाचं काम करणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी कासाडी नदीत जात होतं, त्या पाण्याने त्यांचे केस निळे झाले. त्या रंगाला स्वतःची प्रत काढता येत नव्हती. ॲस्बेस्टॉसलाही येत नाही, तरी त्याच्या तंतूंनी जगभर कामगारांची फुप्फुसं निकामी केली. २००८ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत लांब कार्बन नॅनोनलिकांनी ॲस्बेस्टॉससारखीच इजा केलेली दिसली. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात, वास येऊ नये म्हणून चांदीचे नॅनोकण लावलेल्या मोज्यांमधून धुताना चांदी पाण्यात उतरते, हे मोजलं गेलं. आपल्या घरांतलं धुण्याचं पाणी शेवटी ठाण्याच्या खाडीतच जातं. तिथे फ्लेमिंगो ज्या शेवाळावर आणि बारीक जीवांवर जगतात, त्यांच्यापर्यंत काय काय पोचतं, हे मोजलं पाहिजे. खाडीला २०२२ साली रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला, तेव्हा हे मोजण्याची जबाबदारीही वाढली.

"शास्त्रज्ञ धोका लपवतात."

डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर इशारा दिला. विषय होता आरशातल्या प्रतिमेसारखे जीवाणू. आपल्या प्रथिनांची आणि डीएनएची घडण एका विशिष्ट हाताची असते, डावा आणि उजवा तळवा जसे एकावर एक बसत नाहीत तशी. सगळेच रेणू उलट्या हाताचे असलेला जीवाणू कुणी बनवला, तर आपली प्रतिकारशक्ती त्याला ओळखणार नाही, जीवाणू खाणारे विषाणूही त्याला धरू शकणार नाहीत, अशी भीती त्यांनी मांडली. तो बनवायला अजून किमान दहा वर्षं लागतील असा त्यांचा अंदाज, आणि म्हणून आत्ताच थांबा हे त्यांचं सांगणं. सही करणाऱ्यांत त्या दिशेने काम करणारेही होते. प्रत काढणाऱ्या गोष्टीचा धोका गांभीर्याने घ्यायचा असेल तर तो इथे, जीवशास्त्रात आहे, आणि तो शास्त्रज्ञांनीच चव्हाट्यावर आणला आहे.

"नियमच नाहीत."

आहेत, पण अपुरे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो औषधांच्या तपासणीसाठी २०१९ साली आणि शेती व खाद्यपदार्थांसाठी २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या. युरोपीय संघात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर घटकापुढे 'नॅनो' असं छापावं लागतं. आपल्या दुकानातल्या क्रीमवर, मोज्यांवर, पाण्याच्या फिल्टरवरही ते सक्तीने छापलं जावं, आणि कारखान्याच्या सांडपाण्यात नॅनोकण किती हे प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासून जाहीर करावं, अशी मागणी सोसायट्यांनी एकत्र येऊन करता येईल. ज्यांच्याकडे टीडीचं संमतीपत्र पडून आहे त्यांनी मात्र या कशाचीही वाट न बघता त्यावर सही करावी. शाळेत लसीकरणाचा दिवस हुकला असेल तर महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात ही लस मोफत मिळते.