‘देवाला बंदी, नास्तिकांना क्लब’: अमेरिकी शाळांबद्दलचा एक अर्धवट फॉरवर्ड

हा मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला. त्यातला एक न्यू जर्सीतल्या मावसभावाने पाठवला होता, आणि त्याची मुलगी तिथल्याच सरकारी शाळेत शिकते! मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत शाळेत देवाचं नाव घ्यायला बंदी आहे, पण नास्तिकांना शाळेतच क्लब काढायची खास सवलत आहे, ‘सेक्युलर स्टुडंट अलायन्स’ नावाची संस्था बाहेरून पैसा ओतून हे क्लब चालवते, आणि त्यामुळेच तिथली पोरं धर्म सोडतात. तळाला हात जोडलेली इमोजी आणि ‘वेळीच सावध व्हा’.

आधी बंदीचं बघू. अशी बंदी नाही. 1962 साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयापुढे न्यूयॉर्क राज्याचं प्रकरण आलं. तिथल्या शिक्षण मंडळाने स्वतः 22 शब्दांची एक प्रार्थना रचली होती आणि ती सकाळी वर्गात म्हणायची होती. प्रार्थना रचणं हे सरकारचं काम नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पुढच्याच वर्षी शाळेने घडवून आणलेलं बायबलवाचनही थांबलं. बंधन आलं ते शाळेवर, मुलांवर नाही. डबा उघडण्यापूर्वी कुणी हात जोडले, मधल्या सुट्टीत चौघं मिळून प्रार्थनेला बसले, तर त्यांना कायदा अडवत नाही. उलट 2022 मध्ये सामना संपल्यावर मैदानात गुडघे टेकणाऱ्या एका शालेय फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने याच न्यायालयाने निकाल दिला.

मात्र काही शाळांनी जुन्या निकालांचा धसका घेतला आणि मुलांनी आपणहून काढलेल्या बायबल मंडळांनाही वर्ग द्यायला नकार दिला, हे खरं आहे. मेसेजमध्ये सत्याचा अंश असेल तर तो एवढाच. खरी गंमत इथून पुढे आहे.

या नकारावर उपाय म्हणून ख्रिस्ती संघटनांनी संसदेत जोर लावला आणि 1984 मध्ये ‘इक्वल ॲक्सेस ॲक्ट’ झाला. त्यावर सही तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांची. केंद्राचं अनुदान घेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेने अभ्यासक्रमाशी संबंध नसलेला एक जरी विद्यार्थी-क्लब चालू दिला, तर दुसऱ्या क्लबला त्याच्या धार्मिक, राजकीय किंवा तात्त्विक विचारांमुळे जागा नाकारता येणार नाही, असं हा कायदा म्हणतो. नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात एका मुलीला ख्रिस्ती क्लब काढायचा होता. शाळेत बुद्धिबळाचा क्लब होता, पाण्याखाली पोहणाऱ्यांचासुद्धा होता, पण हिला परवानगी मिळेना. 1990 मध्ये न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी तिच्या बाजूने कौल दिला आणि कायदा पक्का झाला. कॉलेजांपुरता हा प्रश्न 1981 सालीच सुटला होता. मिसुरी विद्यापीठाने जागा नाकारलेला तो गटही ख्रिस्तीच होता.

म्हणजे ज्या ‘खास सवलती’बद्दल मेसेज बोटं मोडतो, ती मुळात बायबल मंडळांनी भांडून मिळवलेली आहे. दार त्यांनी उघडलं आणि त्याच दारातून नास्तिक आत आले. दारावर ‘फक्त आस्तिकांसाठी’ अशी पाटी लावायची सोय त्या कायद्यात नाही.

आता बाहेरचा पैसा. सेक्युलर स्टुडंट अलायन्स ही संस्था 2000 साली स्थापन झाली. क्लब कसा नोंदवायचा हे ती मुलांना सांगते, पत्रकं-फलक पुरवते, वक्ते मिळवून देते, छोटं अनुदान आणि शिष्यवृत्त्या देते. यात लपवण्यासारखं काही नाही. पण तिच्या कितीतरी आधी, 1951 मध्ये, ‘कॅम्पस क्रूसेड फॉर क्राइस्ट’ सुरू झाली आणि 1954 मध्ये ख्रिस्ती खेळाडूंची ‘फेलोशिप ऑफ ख्रिश्चन ॲथलीट्स’. बाहेरची संघटना आणि आत विद्यार्थ्यांची शाखा ही रीत नास्तिकांनी शोधलेली नाही. शिवाय शाळांपुरतं कायदाच सांगतो की बाहेरच्या माणसाने क्लब चालवायचा नाही, त्यावर ताबा ठेवायचा नाही, नेमाने बैठकींना यायचंही नाही. हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे.

‘पोरं धर्म सोडतात’ या मुद्द्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. प्यू संशोधन केंद्राच्या 2023 च्या पाहणीत अमेरिकेतल्या सुमारे 28 टक्के प्रौढांनी आपण कुठल्याच धर्माचे नाही असं सांगितलं, आणि त्यातले बहुतेक स्वतःला नास्तिकही म्हणवत नाहीत, ‘विशेष काही नाही’ म्हणतात. इतकी माणसं शाळेतल्या एखाद्या क्लबने घडवली असं मानायचं, तर त्या क्लबला दंडवतच घालायला हवा.

मुलं क्लबकडे का येतात ते ऱ्होड आयलंडमधल्या क्रॅन्स्टनच्या प्रकरणावरून कळतं. तिथल्या शाळेच्या सभागृहात भिंतीवर प्रार्थनेचा फलक होता. एका विद्यार्थिनीने त्याविरुद्ध दावा लावला आणि 2012 मध्ये, सोळाव्या वर्षी, तो जिंकला. तिला धमक्या आल्या, पोलिसांच्या सोबतीने शाळेत जावं लागलं, आणि एका निधर्मी संस्थेने तिच्यासाठी मागवलेली फुलं पोचवायला गावातल्या फुलवाल्यांनी नकार दिला. गुलाबाचा गुच्छ पोचवायलाही कुणी तयार नाही अशा गावात आठवड्यातून एकदा चार समविचारी पोरांबरोबर बसता येणं, हे क्लबचं मुख्य काम. एरवी हे क्लब चर्चा घेतात, ‘नास्तिकाला विचारा’ असा दिवस साजरा करतात. प्रश्न विचारायला येणाऱ्यांत आस्तिकच असणार, हे ओघानेच आलं.

हे क्लब बंदच करून टाकले तर? तेही एकदा करून पाहिलं गेलंय. 1996 मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या शाळा मंडळाला समलिंगी विद्यार्थ्यांचा क्लब नको होता. कायद्यामुळे तेवढाच एक नाकारता येईना. मग मंडळाने अभ्यासक्रमाबाहेरचे सगळेच क्लब बंद केले. ते परत सुरू व्हायला चार वर्षं गेली.

मी मावसभावाला एवढंच विचारलं, की गेल्या महिन्यात लेकीच्या शाळेतल्या हिंदू विद्यार्थी क्लबचे फोटो तू याच ग्रुपवर टाकले होतेस, त्या क्लबला वर्ग कुठल्या कायद्याने मिळतो? मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसताहेत. उत्तर अजून आलेलं नाही.