"जीन टेस्ट क्लियर आली म्हणजे घाबरायचं कारण नाही" हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

जळगाव, धुळ्याकडच्या फॅमिली ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की ट्रिपल निगेटिव्ह ब्रेस्ट कॅन्सर (ज्यात हार्मोन पकडणारी ईआर, पीआर आणि वाढीचा इशारा देणारं हर-टू ही तिन्ही प्रोटीनं तपासात निगेटिव्ह येतात) खराब जीनमुळेच होतो, रक्ताची जीन टेस्ट क्लियर आली तर गाठीचं टेन्शन नको, बायोप्सी (तपासायला गाठीचा तुकडा काढणं) केली की गाठ पसरते, आणि हळदीच्या काढ्याने ते जीन बंद पडतात. चारही गोष्टी चुकीच्या आहेत आणि यात कुणाच्या तरी आईचा, वहिनीचा जीव जाऊ शकतो म्हणून लिहितोय.

पहिलं, रक्ताच्या टेस्टमध्ये बीआरसीए वगैरे जीनमधले आईबापाकडून आलेले बिघाड बघतात, आणि ब्रेस्ट कॅन्सरच्या १०० पेशंटमध्ये असे आनुवंशिक साधारण ५ ते १० च असतात. बाकीच्यांत बिघाड त्या गाठीतच होतो, तो रक्ताच्या त्या टेस्टमध्ये दिसणारच नाही.

दुसरं म्हणजे जीन ही प्रोटीन बनवायची कृती, पण जीन शाबूत असला तरी त्याचं प्रोटीन असेलच असं नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. एका पेशीत जवळपास २ मीटर डीएनए असतो, रिळावर सूत गुंडाळावं तसा हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला, आणि कुठला भाग उघडायचा कुठला मिटायचा हे काम क्रोमॅटिन रिमॉडेलिंगची प्रोटीनं करतात, एआरआयडी१ए, बीआरजी१ ही त्यातलीच. ती गेली की नको ते जीन चालू होतात, हवे ते बंद पडतात, डीएनएची दुरुस्तीही बिघडते. कधी जीनची अक्षरं सगळी बरोबर असतात पण त्यावर मिथाइल नावाच्या रसायनाचे ठप्पे बसून तो गप्प होतो, कधी प्रोटीन बनतं पण लगेच तोडलं जातं. म्हणून संशोधक गाठीचा पातळ काप घेऊन त्यावर अँटीबॉडी (नेमक्या त्याच प्रोटीनला चिकटणारा पदार्थ) टाकून रंग देतात, प्रोटीन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी होतं, आणि शेजारच्या चांगल्या पेशी तपकिरी पण कॅन्सरच्या नुसत्या निळ्या दिसल्या तर समजायचं की तिथे प्रोटीन गेलंय. उलटही होतं, क्रोमॅटिनवरच काम करणारं ईझेडएच२ हे प्रोटीन आक्रमक गाठींत वाढलेलं सापडतं, हे २००३ पासून माहीत आहे. पण हे अजून बरंचसं संशोधनात आहे हं, रोजच्या रिपोर्टात ईआर, पीआर, हर-टू आणि बहुतेक वेळा केआय-६७ (पेशी किती भराभर वाढतायत ते सांगणारं) एवढंच असतं, त्यामुळे लॅबवाल्याकडे एआरआयडी१एचा हट्ट धरू नका.

बायोप्सीचं तर ऐकून जीव तुटतो. सुईच्या बायोप्सीने कॅन्सर पसरून पेशंट दगावते असा पुरावा नाही, आणि तुकडाच काढला नाही तर ईआर, पीआर, हर-टू कळणार कसं, औषध ठरणार कसं? आपल्याकडे बाया "दुखत नही ना, मंग काय" म्हणत कापूस वेचणी उरकेपर्यंत थांबतात, आणि ट्रिपल निगेटिव्ह भराभर वाढतो, कमी वयातही होतो.

हळद भाजीत खुशाल खा. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर तिचा परिणाम दिसतो, पण पोटातून ती रक्तात फार थोडी उतरते आणि तिने कुणाचा ब्रेस्ट कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही. ईझेडएच२ रोखणारं टॅझेमेटोस्टॅट हे खरंखुरं औषध अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं, तेही आधी एका दुर्मिळ सार्कोमासाठी (स्नायू, चरबी अशा मऊ भागांतला कॅन्सर), ब्रेस्ट कॅन्सरसाठी नाही. ट्रिपल निगेटिव्हला आज केमो, ऑपरेशन, गरजेप्रमाणे रेडिएशन आणि काहींना इम्युनोथेरपी (शरीराचीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) आहे, आणि लवकर सापडला तर बऱ्याच बाया पूर्ण बऱ्या होतात.

गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवा. परळला टाटाला जायचं ठरलं तर नुसता रिपोर्ट नको, लॅबमधून मेणाचा ब्लॉक (ज्यात गाठीचा तुकडा जपून ठेवतात) आणि स्लाइड्स मागून सोबत न्या, तिथे त्या परत तपासतात.