धरण फुटलं, पण कुणाचंच काही बुडालं नाही

"ताई, कार्टून हाय ते. एवढं काय मनाला लावून घेतीस?"

हे ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. भाऊ म्हणतो, वहिनी म्हणते, शेजारच्या काकी म्हणतात. पोरं टीव्हीवर डिस्नेचा 'फ्रोझन २' लावतात, सुट्टीत तर सकाळ-संध्याकाळ तेच, आणि मी त्यातल्या धरणाबद्दल तोंड उघडलं की सगळे मिळून मला गप्प करतात. लहान पोरांचं आहे म्हणून काहीही चालतं का? मोठ्यांचा सिनेमा माणूस एकदा बघतो आणि विसरतो. हा सिनेमा पोरांना तोंडपाठ आहे. त्यात जे खोटं आहे तेही तोंडपाठ होणार.

आणि आम्ही राहतो कुठं? महाराष्ट्राच्या सीमेला लागून, कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. वर काळम्मावाडीचं धरण, वेदगंगेवर पाटगावचं, पलीकडं कृष्णेला मिळणाऱ्या कोयना नदीवर कोयना धरण, खाली कृष्णेवर अलमट्टी. आमच्याकडं धरण ही गोष्टीतली वस्तू नाही. जुलै-ऑगस्टात रात्री अंथरुणावर पडताना शेवटचा प्रश्न 'विसर्ग किती सोडलाय' हाच असतो.

ज्यांनी फक्त गाणी बघितलीत त्यांच्यासाठी सांगते. एल्सा आणि ॲना या राजघराण्यातल्या दोन बहिणी, थोरल्या एल्साच्या हातात बर्फाची जादू. त्यांचा आजोबा म्हणजे ॲरेंडेलचा राजा रुनार्ड. उत्तरेच्या जंगलातल्या नॉर्थुल्ड्रा लोकांना तो धरण बांधून देतो, मैत्रीची भेट म्हणून. समारंभाच्या वेळी मारामारी पेटते, राजा मरतो, जंगलावर धुकं उतरतं आणि आतली माणसं आतच अडकतात. पुढं एल्साला कळतं की भेट वगैरे सगळी थाप होती. धरणानं त्या लोकांची जमीन कमजोर व्हावी आणि त्यांनी हात पसरत आपल्या दारात यावं, हाच राजाचा डाव होता. त्यांचा म्होरक्या येऊन सांगतो की या धरणानं जंगलाचं वाटोळं होतंय. राजा म्हणतो, इथं नको, वेगळं भेटू, चहा घेऊ, तोडगा काढू. आणि भेटायला आलेल्या त्या निःशस्त्र माणसावर मागून तलवार चालवतो.

इथपर्यंत मी या सिनेमाला हात जोडते. मनापासून. पोरांच्या सिनेमात एवढं उघड सांगायला छाती लागते. चहाला बोलावून, तोडगा काढू म्हणून, मग पाठीत वार. बैठकांना जाऊन आलेल्या कुठल्याही धरणग्रस्ताला विचारा, यातलं काय नवीन आहे.

मग ॲना ठरवते की धरण पाडायचं. धुक्यात अडकलेला ॲरेंडेलचा सरदार मॅटियस म्हणतो, पाणी सुटलं तर ॲरेंडेल जाईल. ती म्हणते, हे निस्तरल्याशिवाय ॲरेंडेलला पुढं काही नाही. अख्ख्या सिनेमातला हा एक क्षण खरा आहे. आजोबानं पाप केलं, त्यावर आपलं गाव उभं राहिलं, आता ते गाव गेलं तरी चालेल पण हे धरण नको. केवढी मोठी गोष्ट आहे ही! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खुर्चीवरनं पुढं सरकले होते. वाटलं, आता हे लोक दाखवणार. राजवाडा जाणार, बाजार जाणार, टेकडीवर नेऊन बसवलेली माणसं खाली येऊन गाळ उपसणार.

आणि तिथंच माती खाल्ली! राक्षस दगड फेकतात, धरण फुटतं, पाण्याची भिंत गावाकडं धावते, आणि एल्सा पाण्याच्या घोड्यावरनं येऊन बर्फाची भिंत उभी करते. संपलं. एका घराचं कौल हललं नाही. ज्यांना धरणाचा फायदा झाला त्यांचं काहीही गेलं नाही. धुकं विरलं, सगळे हसले, दोन्ही देश म्हणे प्रेमानं जोडले गेले.

कुणाच्या जिवावर जोडले गेले? भरपाई कुणी दिली? माफी कुणी मागितली? नॉर्थुल्ड्रातल्या एकानं तरी तोंड उघडून विचारलं का, की बाई, तुमच्या आजोबानं आमचा माणूस मारला, त्याचं काय?

हा सिनेमा नोव्हेंबर २०१९ मध्ये आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात इकडं काय झालं ते या पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं आणि पुणे-बंगळूर हायवे बंद पडला. आमच्या गल्लीत पाणी रात्री आलं, पहिल्यांदा मोरीतनं. मोरीचं पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायला लागलं की समजायचं. म्हशींची दावी सोडली, आईला आणि पोरांना शाळेतल्या गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात पोचवलं. पाणी उतरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ होती, लाइटच्या बटनांच्या वर वीतभर. जोंधळ्याची पोती फुगून कोंब आले होते आणि त्या आंबट वासानं घरात उभं राहवत नव्हतं. मातीची भिंत कधीकधी पाण्यात असेपर्यंत उभी राहते. ऊन पडलं की बसते. आमची मागची भिंत अशीच बसली, पाणी उतरल्यावर, भर दुपारी.

मग पंचनामा. घर पूर्ण पडलं असेल तर ५ लाख जाहीर झाले होते, तातडीची मदत १० हजार. आता पूर्ण म्हणजे किती? घर नुकसानीच्या ए वर्गात का सी वर्गात, यावर सगळं अडलेलं. अर्ज कन्नडमधला, आईला वाचता येईना, शेजारच्या पोराकडनं भरून घेतला. उतारा आणा, रेशन कार्ड आणा, आजोबांच्या नावावरचं घर वडिलांच्या नावावर का केलं नाही ते सांगा. साहेब आज नाहीत, उद्या या. आणि दोष कुणाचा हे तर आजवर ठरलेलं नाही. सांगली-कोल्हापूरकडं अलमट्टीच्या नावानं बोटं मोडतात, इकडं कोयनेच्या विसर्गाच्या नावानं. मधली आमची शेतं, वरनंही पाणी आणि खालनं फुगवटाही. आमच्याकडं पाण्याचा हिशोब असा राहतो. तो बर्फाच्या भिंतीनं मिटत नाही, आणि मिटतो असं पोरांना शिकवलेलं मला चालत नाही.

आणखी एक. धरण म्हटलं की वरच्या अंगाला पाणी साठणार. साठणार तर कुणाची तरी जमीन खाली जाणार. हा साधा हिशोब आहे. त्या जंगलातली कोणती जागा बुडाली? तिथं कुणाची वस्ती होती, कुणाची चराऊ रानं होती? सिनेमात एक शब्द नाही. घटप्रभेवरचं हिडकल धरण बघा, ५१ टीएमसीचं. उन्हाळ्यात पाणी आटलं की त्यातनं हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं. लोक दर्शनाला जातात, फोटो काढतात. देऊळ दगडाचं म्हणून टिकलं. त्याच्या आजूबाजूला नांदलेली घरं कुणाला दिसत नाहीत. पावसाळा आला की देऊळही परत पाण्यात. धरणावर गोष्ट लिहायची आणि बुडालेली जमीनच दाखवायची नाही, हे कसं? आणि राजानं स्वतःची राजधानी त्याच पाण्याच्या वाटेत ठेवली, दोन पिढ्या तिथंच नांदल्या, तर त्या दरबारात कुणालाच कधी त्याची भीती वाटली नाही?

धुक्यात अडकलेल्यांचं तर विचारूच नका. मॅटियस आणि त्याचे शिपाई ३४ वर्षं आत होते. नॉर्थुल्ड्राची पोरं आत जन्मली, आत मोठी झाली, त्यांनी मोकळं आभाळ बघितलेलं नाही. एका माणसाच्या गुन्ह्यापायी दोन्हीकडच्या बिनगुन्ह्याच्या माणसांची आयुष्यं गेली आणि सिनेमात ते एका वाक्यात येतं आणि जातं.

पण सगळ्यात जास्त राग मला त्या सुरुवातीच्या प्रसंगाचा येतो. बाप मुलींना झोपताना गोष्ट सांगतोय. आपण मैत्री करायला गेलो होतो आणि अचानक आपल्यावर हल्ला झाला, असं सांगतोय. शेजारी आई बसलीय, गप्प. ही आई नॉर्थुल्ड्राची आहे. त्याच लोकांतली. त्याच दिवशी या बापाला हिनंच वाचवलंय. तिच्या माणसांवर आळ घेणारी गोष्ट तिच्याच लेकींना तिच्यासमोर सांगितली जाते आणि ती अंगाई गाते. अंगाईतनं नदीची खूण सांगते, आपली शाल पांघरते, पण मी कोण, माझी माणसं कोण, हे सांगत नाही. नवऱ्याला सांगितलं, तेही आपल्याला पुढं कळतं. मग दोघांनी मिळून पोरींपासून लपवलं. आमच्या या सीमेवर निम्म्या घरांत आई कन्नड आणि बाप मराठी, नाहीतर उलटं. माहेरच्या माणसांबद्दल सासरी वेडंवाकडं बोलणं निघालं की बाई कशी खाली मान घालून भाकरी थापत राहते, हे मी लहानपणापासून बघतेय. त्या राणीची गप्प बसण्याची किंमत काय होती, यावर एक अख्खा सिनेमा झाला असता. इथं ती समुद्रात बुडून मरते आणि गाण्यातली आठवण म्हणून उरते.

आणि करणाऱ्यांना काही माहीत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. नॉर्थुल्ड्रा लोक उत्तर युरोपातल्या सामी लोकांवरून घेतलेत. त्यासाठी डिस्नेनं सामी संसदांशी रीतसर करार केला, सामी सल्लागार घेतले, उत्तर सामी भाषेत सिनेमा डबही केला. हे चांगलंच केलं, माझी त्याला ना नाही. पण त्या सामी लोकांच्या मुलखात आल्टा नदीवर नॉर्वे सरकारनं खरोखरचं धरण घातलंय. १९७९ मध्ये सामी कार्यकर्ते ओस्लोत संसदेसमोर तंबू ठोकून उपोषणाला बसले. १९८१ मध्ये रस्ता अडवून बसलेल्या लोकांना शेकडो पोलिसांनी उचलून नेलं. १९८७ मध्ये वीज सुरू झाली. ते धरण आजही उभं आहे. ज्यांनी खऱ्या धरणासमोर उपाशी बसून हार खाल्ली, त्यांच्यासारखी माणसं पडद्यावर घ्यायची आणि धरण पाडायचा मान मात्र राजाच्या नातीला द्यायचा! नॉर्थुल्ड्राला स्वतःचं धरण स्वतः पाडू द्यायला काय झालं होतं? शेवटी राज्य कुणाकडं? त्याच घराण्याकडं, त्याच नातीकडं. मोठी जंगलात जाऊन राहते, धाकटी गादीवर बसते.

शेवटी ॲरेंडेलच्या चौकात पुतळा उभारतात. कुणाचा? राजपुत्राचा आणि त्याला वाचवणाऱ्या मुलीचा, म्हणजे आई-बापांचाच. असू दे, त्या मुलीचा पुतळा हवाच. पण ज्याला चहाला बोलावून मारलं त्याचा का नाही? आमच्या पोरांना जंगलातल्या आग लावणाऱ्या सरड्याचंसुद्धा नाव येतं, ब्रूनी, खेळण्यांवर छापलेलं असतं. पाण्याच्या घोड्याचं नाव येतं. खुनी राजाचं नाव येतं. मी परवा भाचीला विचारलं, त्या म्होरक्याचं नाव काय गं? तिनं आठवायचा प्रयत्न केला, मग पुन्हा मागं नेऊन लावून बघितलं. कुणीही, एकदाही, त्याला नावानं हाक मारत नाही.