‘फोटो मोजून कारभार होत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

लोक समाजमाध्यमांवर टाकतात ते फोटो संगणकाला ओळखायला शिकवून पर्यटनस्थळांचा कारभार सुधारता येईल का, यावर विद्यापीठांमध्ये जे संशोधन चाललं आहे, त्याबद्दलच्या माझ्या लेखावर एक लांबलचक प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही, त्यामुळे ‘तुम्ही’ म्हणूनच बोलते. लेख न वाचलेल्यांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते : फोटो टाकणारे म्हणजे सगळे पर्यटक नव्हेत, एकच हौशी माणूस शंभर फोटो टाकतो, यंत्र अमेरिका-युरोपातल्या फोटोंवर शिकलेलं असतं, हा पाळतीचा प्रकार आहे, लेखात इंग्रजी शब्द फार आहेत, एके ठिकाणी वर्षं दिलेली नाहीत. आणि मग हे वाक्य : ‘फोटो मोजून कारभार होत नाही, प्रवेशद्वारावर एक दिवसही उभं न राहिलेल्या लोकांचं हे उंटावरून शेळ्या हाकणं आहे.’

बाकीचं सगळं मी शांतपणे वाचलं. या वाक्याशी मात्र अडले, आणि खरं सांगायचं तर अजून अडलेलीच आहे. आक्षेप घ्यायला माझी ना नाही. याच ब्लॉगवर माझ्याशी कडाडून भांडणारे वाचक आहेत आणि त्यांच्याकडून मी शिकले आहे. पण समोरचा कोण, त्याने काय केलंय याची काहीही माहिती नसताना ‘एक दिवसही उभं न राहिलेल्या’ असं लिहून मोकळं व्हायचं, याला टीका म्हणत नाहीत. तुम्ही एका ओळीत विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं.

मी प्रवेशद्वारावर उभी राहिले आहे. संशोधनाकडे वळण्याआधी एका संरक्षित क्षेत्राच्या दारात येणारी माणसं मोजायचं काम मी केलं. हातात खटक्याचा काउंटर, एका माणसामागे एक खटका. तीन-चार बस एकदम आल्या की बोट मागे पडायचं, उरलेली माणसं अंदाजाने धरायची. कडेवरची मुलं मोजायची की नाही, हे त्या पाळीला कोण आहे यावर ठरायचं. मागच्या पायवाटेने शिरणारे तर कुणाच्या खिजगणतीतही नव्हते. संध्याकाळी वहीत लिहिलेला आकडा वरच्या कार्यालयात पोचेपर्यंत गोल व्हायचा आणि गोल होताना दर वेळी वरच सरकायचा, कारण पुढच्या वर्षाचा निधी त्याच्यावर ठरायचा. तो आकडा मग अहवालात छापून यायचा. तो कसा मोजला, त्यात कोण सुटलं, याची एक ओळही त्या अहवालात नसायची. मी विचारलं तेव्हा ‘तुझं काम मोजायचं’ असं उत्तर मिळालं.

त्यामुळे फोटोतून कोण सुटतं हा प्रश्न तुम्ही विचारता तेव्हा तो मला नवा नाही. माझं म्हणणं एवढंच की तोच प्रश्न तिकिटांच्या स्थळप्रतींना आणि हॉटेलांच्या नोंदवह्यांनाही विचारा. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारा माणूस हॉटेलच्या नोंदीत कधीच नसतो, आणि किती तरी ठिकाणी गर्दीचा खरा भार त्याचाच असतो. कारभार आजही अपुऱ्या मोजणीवरच चालतो. फरक इतकाच आहे की फोटोंच्या मोजणीत काय अपुरं आहे, हे संशोधक स्वतः मोजतात आणि छापतात.

उदाहरण देते. स्पेन्सर वुड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये जगभरातल्या 836 ठिकाणांवरचे फ्लिकर या फोटो टाकायच्या संकेतस्थळावरचे फोटो घेऊन ते त्या-त्या ठिकाणच्या प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिले. त्यांनी फोटो सरसकट मोजले नाहीत. एका माणसाने एका दिवशी एका ठिकाणी दोनशे फोटो काढले तरी ते एकच धरले. या मापाला ‘फोटो-युजर-डे’ म्हणतात. म्हणजे ‘हौशी माणूस शंभर फोटो टाकतो’ ही तुमची शंका तुमच्या आधी दहा वर्षांहून अधिक काळ त्यांच्या डोक्यात होती. पुढे 2017 मध्ये हेन्रिक्की टेन्कानेन आणि सहकाऱ्यांनी फिनलंड आणि दक्षिण आफ्रिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी इन्स्टाग्राम, फ्लिकर आणि ट्विटर यांची अधिकृत आकड्यांशी तुलना केली. तिन्ही सारखे निघाले नाहीत. इन्स्टाग्राम पुढे होतं. आणि जिथे गर्दी जास्त तिथे मेळ चांगला बसतो, कमी लोक जातात तिथे तो ढळतो, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. तुमचा आक्षेप हा या संशोधनाचा विषयच आहे. तो त्याच्यावर बाहेरून फेकलेला दगड असल्यासारखा तुम्ही मांडलात, याचं मला वाईट वाटलं.

आता फोटो ‘ओळखण्या’कडे येते, कारण तुमच्या प्रतिक्रियेत मोजणं आणि ओळखणं एकच धरलं आहे. फोटोला चिकटलेल्या जागेच्या खुणेवरून माणूस कुठे होता ते कळतं. तो तिथे कशासाठी थांबला, हे फोटोच्या आत असतं. डॅनियल रिचर्ड्स आणि बिगे तुंचर यांनी 2018 मध्ये सिंगापूरमधले फोटो गूगलच्या क्लाउड व्हिजन या फोटो ओळखणाऱ्या सेवेकडून ओळखून घेतले आणि लोक कुठे झाडं-प्राणी टिपतात, कुठे इतर काही, ते नकाशावर मांडलं. बीजिंगवरच्या 2019 च्या अभ्यासात 35,356 फोटोंची 103 प्रकारच्या दृश्यांमध्ये वर्गवारी केली आणि वेगवेगळ्या भागांतून आलेल्या पर्यटकांची नजर कशी वेगळी पडते ते दाखवलं. हे काम हाताने करायचं तर माणसांचा ताफा बसवावा लागला असता, आणि दोन माणसांनी एकाच फोटोला दोन नावं दिली असती ते वेगळंच. यातून कारभाराला काय मिळतं? कठडा कुठे हवा, कोणत्या वळणावर लोक वाट सोडून गवतात उतरतात, कोणत्या एका चौथऱ्यासाठी अख्खी रांग अडते. दारातला माझा खटका यातलं काहीही सांगू शकत नव्हता.

फोटो काढणारे थोडे म्हणून सोडून द्या, असं तुम्ही सुचवता. काही ठिकाणी मात्र फोटो हेच गर्दीचं कारण असतं, आणि तिथे फोटो काढणारा कमी महत्त्वाचा ठरवून कारभार करताच येत नाही. जपानमध्ये फुजिकावागुचिको इथे एका दुकानामागे फुजी पर्वत उभा दिसतो, त्या एका कोनासाठी लोक रस्त्यावर येऊन उभे राहू लागले. शेवटी मे 2024 मध्ये नगर प्रशासनाने तिथे काळा पडदाच लावला, ऑगस्टमध्ये तो उतरवला. गाव तेच, पर्वत तोच. बदलला होता तो समाजमाध्यमांवर फिरणारा एक फोटो. असा कोन कुठे तयार होतो आहे, हे पडदा लावण्याची वेळ येण्याआधी दिसू शकतं. त्यासाठी एकाच चौकटीचे फोटो कोणत्या जागी वाढत चालले आहेत हे पाहावं लागतं, आणि ते ओळखणारं यंत्रच पाहू शकतं. थायलंडमधला माया बे हा समुद्रकिनारा गर्दीपायी 2018 मध्ये बंद करावा लागला, तो 2022 मध्ये उघडला. इतकी वर्षं बंद ठेवण्याची पाळी येण्याआधी प्रशासनाच्या हातात काहीतरी असावं, यासाठी माझा जीव तुटतो. याला तुम्ही शेळ्या हाकणं म्हणालात.

यंत्र कोणाच्या फोटोंवर शिकतं, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण सूर असा की जणू मी तो लपवला. यंत्रांना शिकवायला वापरल्या जाणाऱ्या इमेजनेट या प्रसिद्ध फोटोसंग्रहात अमेरिकेतल्या फोटोंचा वाटा साधारण 45 टक्के आणि भारतातल्यांचा जेमतेम 2 टक्के, ही मोजदाद 2017 साली श्रेया शंकर आणि त्यांच्या गूगलमधल्या सहकाऱ्यांनीच छापली. 2019 मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी दाखवलं की घरातल्या साध्या वस्तू ओळखताना फोटो ओळखणाऱ्या प्रणाली गरीब घरांमधल्या फोटोंवर जास्त चुकतात. नेपाळमधल्या घरातला साबण त्यांना खाण्याची वस्तू वाटला. पर्यटनावर काम करणाऱ्याने हे माहीत असूनच ‘मंदिर’, ‘बाजार’, ‘यात्रा’ अशी लेबलं तपासायची असतात. माझ्या लेखात त्यासाठी स्वतंत्र परिच्छेद होता. तुम्ही तो वाचला असता तर हा मुद्दा वेगळ्या सुरात आला असता.

पाळतीबद्दल थोडक्यात. गर्दी मोजणारी मॉडेल्स माणसांच्या घनतेचा नकाशा काढतात, कोण कोण आहे ते सांगत नाहीत. चेहरा ओळखणं हा वेगळा विषय आहे, आणि युरोपीय संघाच्या 2024 च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने त्यावर कडक बंधनं घातली आहेत. दोन्हींची सरमिसळ करून भीती घालू नका. इंग्रजी शब्दांबद्दल मी काही लिहिणार नाही. ‘अल्गोरिदम’ला पर्याय माहीत असूनही मी तो वापरत नाही, कारण वाचक तो वापरत नाहीत.

एक गोष्ट मान्य करते. फोटो जिथे टाकले जातात त्या कंपन्यांनी माहितीचं दार लावलं की असं संशोधन अडतं, हे मी एका ओळीत उरकलं. तिथे वर्षं द्यायला हवी होती, तुम्ही म्हणता ते रास्त आहे. आता देते : इन्स्टाग्रामने बाहेरच्या संशोधकांना मिळणारी माहिती 2016 पासून आवळत नेली आणि 2018 मध्ये जवळपास बंदच केली. फ्लिकर 2018 मध्ये स्मगमग या कंपनीकडे गेलं आणि पुढच्या वर्षी मोफत खात्यांवर 1000 फोटोंची मर्यादा आली. कारभारासाठी लागणारी माहिती खासगी कंपन्यांच्या मर्जीवर राहते, हा खरा धोका आहे. तुमची सगळी प्रतिक्रिया त्याच्यावर असती तर मी तुमच्या बाजूने लिहिलं असतं.

तुम्ही शेवटी ‘उत्तराची अपेक्षा नाही’ असं लिहिलंय. अपेक्षा नसेल तर लोक इतकं लांब लिहीत नाहीत. टेन्कानेन यांचा लेख ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये सगळ्यांसाठी खुला आहे, त्यातला कमी गर्दीच्या उद्यानांबद्दलचा भाग वाचा आणि तिथे चूक दिसली तर इथेच लिहा. नावासकट लिहिलंत तर जास्त बरं वाटेल.