‘निदान जमीन तरी झाकते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

चीटग्रास या अमेरिकेत पसरलेल्या परक्या गवतावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे, ‘खुर्चीत बसून एका गवताला खलनायक ठरवणे सोपे असते. माणसाने उघडी पाडलेली जमीन ते निदान झाकते तरी, गुरांना चाराही मिळतो, आणि तणनाशकाचा खर्च कोण करणार?’

मतभेद मी आनंदाने ऐकून घेतो, परंतु ‘खुर्चीत बसून’ हे शब्द मुद्द्यासाठी नाहीत, ते केवळ बोचावेत म्हणून आले आहेत. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील जळक्या माळांवर मी सेजब्रश या स्थानिक झुडपाची रोपे लावली आहेत आणि मोज्यांत रुतलेली या गवताची कुसळे एकेक करून उपटली आहेत. तेव्हा खुर्चीचा उल्लेख आपण टाळला असता तर बरे झाले असते.

चाऱ्याचे म्हणणे मला मान्य आहे. कोवळे असेपर्यंत गुरे ते खातात. वाळल्यावर मात्र हीच कुसळे त्यांच्या तोंडाला जखमा करतात.

आता जमीन झाकण्याविषयी. युरेशियातून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आलेल्या या गवताचे बी सहसा शरदातील ओलीवर रुजते, मुळे हिवाळ्यातही वाढत राहतात, आणि वसंतात स्थानिक बहुवार्षिक गवते जोर धरेपर्यंत वरच्या थरातली ओल त्याने संपवत आणलेली असते. उन्हाळा लागता लागता एका बाजूला झुकलेले तुरे जांभळट होतात आणि पाहता पाहता सगळे रोप वाळून जाते, म्हणजे ऐन वणव्याच्या दिवसांत आपले हे ‘झाकण’ काडेपेटीची वाट पाहत असते. सेजब्रशच्या झुडपांमध्ये आणि गवताच्या ठोंबांमध्ये जी उघडी जमीन असे, तिच्यामुळेच आगीला सलग पसरता येत नसे. चीटग्रासने नेमकी तीच जागा भरून काढली. जिथे दोन वणव्यांमध्ये अनेक दशके जात, तिथे काही भागांत आता ५ वर्षांच्या आत पुन्हा आग लागते. मोठ्या सेजब्रशला जळाल्यावर बुंध्यातून फुटवा येत नाही, त्याला पुन्हा बियांपासूनच उभे राहावे लागते, आणि तेवढी सवड त्याला मिळत नाही. वणव्यानंतर जमीन उघडी पडते, वारा राखेसकट माती उडवतो, आणि शरदात त्याच जागी पुन्हा चीटग्रास रुजते. यालाच आपण झाकणे म्हणता काय?

जमीन माणसाने, विशेषतः बेसुमार चराईने, बिघडवली हे मी मूळ लेखात लिहिलेच होते. तो आपण पूर्ण वाचला असावा असे मी धरून चालतो. तणनाशकाच्या खर्चाचा प्रश्न त्या लेखाचा विषयच नव्हता.